लाइट गेली, पण मशाल पेटलेलीच: डंजन्स अँड ड्रॅगन्समधल्या उजेड-अंधाराचा हिशेब

मागच्या हिवाळ्यातली शनिवारची रात्र. इंदूरला राजेंद्रनगरातलं आमचं घर, टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकत पात्रं रंगवायच्या खेळाचा, नकाशा आणि शेजारी जीरावण भुरभुरलेल्या गराडूंची परात. खेळातली मंडळी एका गुहेत शिरलेली. विझर्डच्या (जादूगाराच्या) काठीच्या टोकावर लाइट मंत्र, फायटरच्या (लढवय्याच्या) हातात साधी मशाल. पलीकडून ड्राउ पुजारणीनं डार्कनेस हा अंधाराचा मंत्र टाकला आणि मी, म्हणजे खेळ चालवणारा डीएम, घाईत बोलून गेलो, "एवढ्या गोलात अंधार झाला."

झालं! विझर्ड खेळणारी भाची म्हणाली, "मामा, माझी लाइट आहे का गेली?" फायटरवाला मित्र म्हणाला, "भिया, मशाल तो जल रही है ना?" वॉरलॉकवाला (वॉरलॉक हाही एक जादूगारच) काहीच बोलला नाही, नुसता हसत बसला, आणि तेच सगळ्यांत वाईट लक्षण होतं. पाऊण तास वाद चालला. गराडू गार झाले. गार गराडू खाणं काय असतं ते इंदूरकराला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी नियम काढून बसलो तेव्हा कळलं की आम्ही तीन वेगवेगळे प्रश्न एकाच दमात विचारत होतो. मंत्र टिकला का? उजेड किती उरला? आणि कोणाला काय दिसतं? हे प्रश्न याच क्रमानं सोडवायचे. पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही. एवढी शिस्त पाळली की वाद पाच मिनिटांत मिटतो.

पुढचं सगळं पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांना धरून आहे. त्या आवृत्तीचा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतो, तेव्हा पुस्तक नाही ही सबब चालणार नाही. २०२४च्या सुधारित नियमांत जिथे महत्त्वाचा फरक आहे तिथे सांगतो.

पहिला प्रश्न: मंत्र टिकला का?

मंत्रांच्या ताकदीच्या शून्य ते नऊ अशा लेव्हल असतात. डार्कनेस हा दुसऱ्या लेव्हलचा मंत्र. त्याच्या मजकुरातलं शेवटचं वाक्य बहुतेक जण वाचतच नाहीत. त्याचा अर्थ असा: डार्कनेसच्या क्षेत्राचा कुठलाही भाग दुसऱ्या किंवा त्याखालच्या लेव्हलच्या मंत्राच्या उजेडावर पडला, तर तो उजेडाचा मंत्र संपतो. नुसता झाकला जात नाही किंवा मंद होत नाही, पुरताच संपतो. आपल्याकडे घरची लाइट जाते आणि थोड्या वेळानं येते, म्हणून सगळ्यांना वाटतं की डार्कनेस उठला की लाइटही परत येईल. येत नाही. विझर्डला नवी ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) खर्चून ती पुन्हा लावावी लागते. आणि डार्कनेस चालू असताना त्याच्या आत लावायला गेलात तर लागताक्षणी जाते.

या वाक्याखाली काय काय मरतं ते एकदा मोजून घ्या, कारण यादी वाटते त्यापेक्षा लांब आहे. लाइट, डान्सिंग लाइट्स आणि प्रोड्यूस फ्लेम हे कॅन्ट्रिप, म्हणजे शून्य लेव्हलचे, ते गेलेच. डान्सिंग लाइट्सच्या चारपैकी एका दिव्याला अंधार शिवला तरी चारही जातात, कारण मंत्र एकच आहे. पहिल्या लेव्हलचा फेअरी फायर जातो, म्हणजे तुम्ही कष्टानं उजळवलेले शत्रू पुन्हा काळोखात. दुसऱ्या लेव्हलचे मूनबीम आणि फ्लेम ब्लेडही उजेड देतात, तेही जातात. आमच्या ड्रुइडला (निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राला) हे कळलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कंटिन्युअल फ्लेमही जातो, ज्याच्यात पन्नास सोन्याच्या नाण्यांची माणकाची पूड जळते. हा फटका मात्र जिव्हारी लागतो. त्यावर उपाय एकच: कंटिन्युअल फ्लेम पहिल्यापासूनच तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायचा खर्ची जाणारा कोटा, वापरून लावायचा. मग तो तिसऱ्या लेव्हलचा मंत्र ठरतो आणि डार्कनेसच्या तावडीतून सुटतो.

उलट्या बाजूला आहे डेलाइट, तिसऱ्या लेव्हलचा. त्याचा उजेड तिसऱ्या किंवा त्याखालच्या लेव्हलच्या मंत्राच्या अंधारावर पडला की अंधाराचा मंत्र संपतो. आधी कोण आला याला महत्त्व नाही. डेलाइट चालू असलेल्या दालनात कोणी साधा डार्कनेस टाकला तर त्याचा स्लॉट वाया.

आता इथे एक बारीक मेख आहे. डार्कनेस वरच्या स्लॉटनं टाकला तर त्याची मारण्याची ताकद वाढत नाही. नवव्या लेव्हलच्या स्लॉटनं टाकलात तरी तो दुसऱ्या लेव्हलपर्यंतचेच उजेड मारतो. वाढते ती फक्त त्याची स्वतःची टिकण्याची ताकद. चौथ्या लेव्हलच्या स्लॉटनं टाकलेल्या डार्कनेसला डेलाइट मारू शकत नाही.

आणि म्हणूनच वॉरलॉकवाला हसत होता. वॉरलॉकचे सगळे स्लॉट एकाच लेव्हलचे असतात आणि ती लेव्हल त्याच्याबरोबर आपोआप चढते. पात्रांच्याही वेगळ्या लेव्हल असतात: पाचव्या-सहाव्या लेव्हलचा वॉरलॉक डार्कनेस तिसऱ्या स्लॉटनं टाकतो, म्हणजे डेलाइट त्याला खातो. सातव्या लेव्हलला त्याचे स्लॉट चौथे होतात आणि त्या दिवसापासून क्लेरिकचा (पुजाऱ्याचा) डेलाइट त्याच्यापुढे लंगडा पडतो. डीएमनं शत्रू म्हणून वॉरलॉक आणायचा असेल तर हा आकडा डोक्यात ठेवावा.

गाठ पडली की नाही: ताटल्यांची मोजणी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "क्षेत्र एकमेकांवर पडलं का" यावर लटकलेलं असतं, म्हणून मोजणी नीट हवी. नकाशावर एक चौकोन पाच फुटांचा आणि बहुतेक चटयांवर तो एक इंचाचा. प्लॅस्टिकचे गोल विकत आणायची गरज नाही, स्वयंपाकघर आहे.

डार्कनेसची त्रिज्या १५ फूट, म्हणजे सहा इंच व्यासाचं वर्तुळ: नाश्त्याची छोटी ताटली. लाइटचा लख्ख उजेड २० फुटांपर्यंत आणि त्यापुढे आणखी २० फूट अंधूक. लख्ख भाग आठ इंचांचा, अंधुकासकट सोळा इंच: मध्यम परात. डेलाइटचा लख्ख उजेड ६० फूट आणि अंधूक आणखी ६०, म्हणजे चार फूट रुंदीचं वर्तुळ. त्याला टेबलक्लॉथच लागतो. आमच्या टेबलावर डेलाइट पडला की आम्ही मोजतच नाही, सगळा नकाशा उजळला असं धरतो.

अंधूक उजेडही उजेडच. २०२४च्या मजकुरात हे स्पष्टच लिहिलंय. २०१४च्या मजकुरात नुसता "उजेड" असा शब्द आहे, पण मी त्याचाही अर्थ तोच घेतो. म्हणजे विझर्ड आणि डार्कनेसचा मध्य यांच्यात ५५ फुटांपेक्षा कमी अंतर असेल (४० अधिक १५) तर काठ घासतो आणि लाइट जाते. पन्नास फूट मागे उभ्या असलेल्या भाचीची काठी विझली ती याच हिशेबानं. काही डीएम फक्त लख्ख उजेडच मोजतात. ते जास्त दयाळू आहेत, इतकंच म्हणेन.

भिंतींचं काय? मी एकदा सराफ्यावर बेतलेला बाजार नकाशात काढला होता: दिवसा सोनारांची दुकानं, रात्री शटरं पडली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या, आणि मध्ये दहा फुटांची गल्ली. अशा गल्लीत डार्कनेस टाकला तर तो गल्लीच्या लांबीत तीस फूट भरतो, शिवाय वळणावरून बाजूच्या बोळातही शिरतो. कोपऱ्याभोवती पसरतो असं त्याच्या मजकुरातच आहे. लाइटच्या मजकुरात तसं वाक्य नाही. त्यामुळे लाइट लावलेली काठी बाजूच्या बोळात, भिंतीआड असेल तर तिचा उजेड मुख्य गल्लीत फारसा येत नाही, काठ घासत नाही आणि ती वाचते. गल्लीबोळांचा नकाशा असेल तर त्रिज्या मोजण्याआधी दिव्यापासून सरळ रेषा कुठवर जाते ते बघा.

दुसरा प्रश्न: उजेड किती उरला?

आता मशाल. साधी मशाल २० फूट लख्ख आणि पुढे २० फूट अंधूक उजेड देते, एक तास. आकडे लाइटसारखेच, पण ती मंत्र नाही, म्हणून डार्कनेस तिला विझवू शकत नाही. मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. मशाल जळते, हाताला धग लागते, धूर येतो, पण डार्कनेसच्या आत तिचा उजेड पडत नाही. मंत्राविना मिळालेला कुठलाच उजेड त्या गोलात चालत नाही, मग ती मशाल असो, कंदील असो की दुपारचं ऊन. फायटर गोलाबाहेर आला की मशाल जशीच्या तशी उजळलेली.

इथे एक निर्णय डीएमला घ्यावाच लागतो: हा गोल काजळासारखा अपारदर्शक आहे, की आत फक्त उजेड नाही, पण त्यातून पलीकडचं दिसतं? म्हणजे गोलाच्या पलीकडे शेकोटी असेल तर ती अलीकडून दिसते का? साध्या अंधारातून दूरची शेकोटी दिसतेच. पण डार्कनेसच्या मजकुरात म्हटलंय की डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याची शक्ती) असलेल्यालाही या अंधाराच्या "आरपार" दिसत नाही. मी तो शब्द मनावर घेतो. माझ्या टेबलावर गोल काजळाचा आहे: आतून बाहेर दिसत नाही, बाहेरून आत दिसत नाही आणि पलीकडचंही नाही. तुम्ही दुसरं ठरवा, चालेल, पण पहिला डार्कनेस पडायच्या आधी ठरवा. पडल्यावर ठरवलंत की ते कोणाच्या तरी विरुद्धच जातं.

तिसरा प्रश्न: कोणाला काय दिसतं?

सगळ्यांत जास्त लढाया इथे जिंकल्या-हरल्या जातात.

अंधूक उजेडात डोळ्यांनी शोधण्याच्या फाशावर डिसॲडव्हान्टेज येतं (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा; ॲडव्हान्टेजमध्ये मोठा). हल्ल्यावर येत नाही, हे लोक विसरतात. साध्या अंधारात डार्कव्हिजनवाल्याला सगळं अंधूक उजेडासारखं दिसतं, तेही करड्या रंगात. डार्कनेसमध्ये डार्कव्हिजनचा उपयोग शून्य. एल्फ असो की ड्वार्फ, तो माणसाइतकाच आंधळा.

आता दोघेही आत असतील तर? ज्याला समोरचा दिसत नाही त्याच्या हल्ल्यावर डिसॲडव्हान्टेज. ज्याला हल्ला करणारा दिसत नाही त्याच्यावरच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज. दोन्ही एकदम लागू झाली की एकमेकांना खाऊन टाकतात आणि साधा एक फासा पडतो. म्हणजे दोन आंधळे एकमेकांना नेहमीइतकेच चांगले मारतात. हे विनोदी आहे, पण नियम तसाच आहे. शिवाय आधी कुठूनही आलेलं ॲडव्हान्टेज, मग तुमचा रोग (चोरपावलांनी लढणारं पात्र) मागून आलेला का असेना, त्यात विरघळून जातं. पार्टीला डिसॲडव्हान्टेज लागलेलं असताना, उदाहरणार्थ सगळ्यांना विष भिनलेलं असताना, मुद्दाम डार्कनेस टाकून ते पुसून घेणारे चलाख लोकही मी पाहिलेत.

दिसत नाही म्हणजे लपलाय, असंही नाही. पाऊल वाजतं, चिलखत खुळखुळतं. तो कोणत्या चौकोनात आहे हे कळतं, जोवर तो मुद्दाम लपण्याची ॲक्शन घेत नाही.

खरा मार बसतो तो मंत्रांवर. "तुला दिसणारा" हे शब्द ज्या मंत्रात आहेत ते आंधळ्याला टाकता येत नाहीत: मॅजिक मिसाइल, होल्ड पर्सन, सेक्रेड फ्लेम, हीलिंग वर्ड. मिस्टी स्टेपही नाही, कारण दिसणाऱ्या जागीच उडी मारता येते. काउंटरस्पेललाही मंत्र टाकणारा दिसावा लागतो. क्युअर वुंड्स स्पर्शाचा असल्यामुळे चालतो आणि फायरबॉल जागेवर टाकतात म्हणून तोही चालतो. आपापल्या मंत्रांच्या कागदावर असे शब्द अधोरेखित करून ठेवायला मी सगळ्यांना लावलंय. ऐन लढाईत पानं उलटत बसण्यापेक्षा बरं.

आणि मग डेव्हिल्स साइट. वॉरलॉकच्या या शक्तीनं १२० फुटांपर्यंत मंत्राच्या अंधारातही नीट दिसतं. वॉरलॉक स्वतःवर डार्कनेस घेऊन उभा राहतो, त्याच्या हल्ल्यांना ॲडव्हान्टेज, त्याच्यावरच्या हल्ल्यांना डिसॲडव्हान्टेज. कागदावर झकास. टेबलावर मात्र त्याच्याबरोबरच्या फायटरला, क्लेरिकला काही दिसत नाही आणि चार जणांची संध्याकाळ एकाच्या मजेखातर अंधारात जाते. ही जोडी वापरायची असेल तर गोल शत्रूच्या मागच्या फळीवर टाका, आपल्या माणसांच्या अंगावर नको. मी हे आमच्या वॉरलॉकला प्रेमानं सांगितलं. दुसऱ्यांदा थोडं कमी प्रेमानं.

डब्याची युक्ती

डार्कनेस हवेत टाकता येतो तसा वस्तूवरही: हातात धरलेल्या, किंवा कोणाच्याच अंगावर-हातात नसलेल्या. शत्रूच्या तलवारीवर टाकता येत नाही. वस्तूवर टाकला की वस्तूबरोबर फिरतो आणि वस्तू अपारदर्शक गोष्टीनं पूर्ण झाकली की अंधार बंद. मजकुरात उदाहरण चक्क वाडग्याचं आहे, म्हणजे आपली वाटी उपडी घातली तरी काम होतं.

तेव्हा करायचं असं. एका नाण्यावर डार्कनेस टाका, नाणं पानाच्या डब्यात ठेवा, झाकण लावा. टर्नमध्ये वस्तूशी एक छोटी उठाठेव फुकट असते, तिनं झाकण उघडा. पुढच्या टर्नला तशीच लावा. सोबत्यांची पाळी आली की बंद, शत्रूची आली की उघडा, असं दोन्ही हवं असेल तर मात्र एका टर्नमध्ये दोन उठाठेवी लागतात, आणि दुसरीला ॲक्शन जाते. दहा मिनिटांची मुदत आणि कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवायला टाकणाऱ्यानं धरलेलं लक्ष) झाकणाखालीही चालूच असतं, हे विसरू नका.

हीच युक्ती उजेडालाही लागते. लाइट लावलेलं नाणं बंद बटव्यात असेल तर त्याचा उजेड बाहेर पडत नाही, अंधाराशी गाठच पडत नाही आणि मंत्र वाचतो. डार्कनेसमधून बाहेर आलात की बटवा उघडा. भाचीनं पुढच्याच खेपेला हे केलं.

अंधारातून सुटायचं कसं?

लोक आधी डेलाइट शोधतात. मी आधी पाय शोधतो. गोल तीस फूट रुंद, माणसाची चाल तीस फूट आणि आंधळेपणानं चाल कमी होत नाही. मध्यावर अडकलात तरी पंधरा-वीस फुटांत बाहेर. शिवाय निसटताना बसणारा फुकटचा वार तुम्ही दिसत असाल तरच मारता येतो, म्हणजे शत्रूला डेव्हिल्स साइटसारखं काही नसेल तर निर्धास्त निघा.

दुसरा उपाय मंत्र टाकणाऱ्यालाच ठोकायचा. कॉन्सन्ट्रेशन टिकवायला त्याला किमान दहा, किंवा बसलेल्या माराच्या निम्मे, यातला मोठा आकडा गाठावा लागतो. बाण स्वस्त, स्लॉट महाग. तिसरा डिस्पेल मॅजिक हा मंत्र मोडणारा मंत्र: तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा डार्कनेस आपोआप जातो, सातव्या लेव्हलच्या वॉरलॉकचा असेल तर १४चा आकडा गाठावा लागतो.

दोघेही टिकले तर?

चौथ्या लेव्हलचा डार्कनेस आणि तिसऱ्या लेव्हलचा डेलाइट एकमेकांवर पडले. कोणीच कोणाला मारू शकत नाही. मधल्या भागात काय? शब्द धरून वाचलं तर डार्कनेस फक्त मंत्राविनाच्या उजेडाला अडवतो, डेलाइट मंत्राचा आहे, तेव्हा तिथे उजेड पडायला हवा. पण मग वॉरलॉकनं मोठा स्लॉट खर्चून काय कमावलं?

जुन्या ३.५ आवृत्तीत याचं सुंदर उत्तर होतं. डेलाइट आणि मंत्राचा अंधार एकत्र आले की सामायिक भागात दोन्ही निष्प्रभ होत आणि तिथे मुळात जो उजेड असेल तोच राही. दिवसा दिवस, गुहेत गुहा. मी तेच उचललंय: डार्कनेसचा स्लॉट मोठा असेल तर सामायिक भागात दोन्ही गप्प. तिथे मशालही चालते आणि डार्कव्हिजनही. (त्याच ३.५मध्ये डार्कनेस मंत्र स्वतः अंधूक उजेड पसरवायचा, म्हणून काळ्याकुट्ट गुहेत तो टाकला की उलट दिसायला लागायचं. सगळंच जुनं सोनं नसतं.)

उरले जवळचे नातेवाईक. तिसऱ्या लेव्हलचा हंगर ऑफ हदार कोणत्याही उजेडाला दाद देत नाही, पण तो अंधाराचाच मंत्र मानला, तर तिसऱ्या स्लॉटनं टाकलेल्याला डेलाइट संपवतो. आठव्या लेव्हलचा सनबर्स्ट आपल्या क्षेत्रातले मंत्रानं केलेले सगळे अंधार, लेव्हल न बघता, पुसतो. २०१४च्या नियमांत डेलाइट म्हणजे ऊन नव्हे, व्हॅम्पायर त्यात खुशाल उभा राहतो. २०२४मध्ये त्याचं ऊन झालंय, तेव्हा तुमच्या टेबलावर कोणती आवृत्ती चाललीय ते व्हॅम्पायरच्या वाड्यात शिरायच्या आधी विचारा. आणि फॉग क्लाउड हा अंधारच नव्हे. त्यावर आमच्या क्लेरिकनं अख्खा डेलाइट खर्चला आणि तिला पांढरंशुभ्र, लख्ख उजळलेलं धुकं मिळालं. त्याला गस्ट ऑफ विंड, म्हणजे वाऱ्याच्या झोताचा मंत्र, लागतो.